जे आले नाहीत त्यांचं काय?



अमेरिकेहून परत येऊन तीन आठवडे झाले. "तिकडच्या गमतीजमती लिहा" असा आग्रह धाकट्या मेहुण्यांनी आणि दोन-तीन ब्लॉगमित्रांनी केला होता. त्या लिहीन पुढच्या वेळी. आज मात्र भांडायला बसलो आहे, आणि भांडण बऱ्याच अंशी आपल्याच माणसांशी आहे. तेव्हा कुणाला लागलं तर आधीच माफी मागून ठेवतो.

लेक-जावई टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतात. नातू तिथल्या हायस्कूलच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. ऑक्टोबरात शाळेच्या फुटबॉल संघाच्या माजी खेळाडूंचं स्नेहभोजन होतं आणि त्यात जुन्या कोचेसचा सत्कार. बँडला शाळेचं गाणं वाजवायला बोलावलं होतं, म्हणून घरच्यांनाही तिकीट काढून जाता येत होतं. जावई म्हणाले, "बाबा, चला. तुमच्याच लाइनीतलं आहे, आवडेल तुम्हाला."

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, हे आधी सांगायला हवं. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर आदळून त्याला पाडायचं, असा हा खेळ. टेक्सासमध्ये शुक्रवारची रात्र म्हणजे शाळांच्या सामन्यांची रात्र. आपल्याकडे जत्रेला लोटतं तसं गाव लोटतं. जवळच्याच ॲलन गावात २०१२ साली शाळेच्या संघासाठी अठरा हजार माणसं बसतील असं स्टेडियम बांधलं, सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून! दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले म्हणून ते बंद ठेवावं लागलं, दुरुस्तीनंतर २०१५ मध्ये पुन्हा उघडलं. माझ्या शाळेत व्हॉलीबॉलची जाळी फाटली तर ती मुलींच्या शिवणाच्या तासाला शिवून घ्यायचो. असो.

जेवण शाळेच्याच कॅफेटेरियात होतं. बहुतेक सगळं मांसाचं. आम्ही दोघांनी पाव, बटाट्याचं सॅलड आणि पीचचा गोड पदार्थ यावर भागवलं. पण माणसं मोठी प्रेमळ. साठी उलटलेले, ढेऱ्या सुटलेले, गुडघे धरून चालणारे बाप्ये आपल्या ऐंशीच्या पुढच्या कोचपुढे आले की शाळकरी पोरांसारखे उभे राहायचे. त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. "कोच" एवढंच. आपल्याकडे "सर" म्हणतात तसंच अगदी. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

आणि ते कोच चांगले होतेच. एकाने सांगितलं, बाप घर सोडून गेला तेव्हा कोच रोज संध्याकाळी आपल्या गाडीतून घरी सोडायचे. दुसऱ्याला बूट घेऊन दिले होते, आणि ते कुणाला कळू दिलं नव्हतं. तिकडे हे कोच बहुधा वर्गातही शिकवतात, पुष्कळदा इतिहास. १९८४ साली टेक्सासमध्ये कायदा आला की विषयात नापास झालेल्या मुलाला सामन्यात उतरवायचं नाही. तेव्हा बरेच कोच चिडले होते म्हणे. इथले एक कोच मात्र मुलांना शनिवारी घरी बोलावून गणित शिकवायचे. अशा माणसाचा सत्कार करायचा नाही तर कुणाचा करायचा?

मग ती फळी बाहेर निघाली.

क्रिकेटच्या बॅटीसारखी लाकडी फळी. पातळ, आणि मारताना वारा अडू नये म्हणून भोकं पाडलेली. तिच्यावर खेळाडूंच्या सह्या होत्या. ज्याने ज्याने तिचा मार खाल्ला त्याची सही! टेबलाटेबलावरून ती फिरवली, लोकांनी तिच्यासोबत फोटो काढले. मग गोष्टी सुरू झाल्या. ऑगस्टच्या उन्हात सराव, आणि पाणी मागेल तो बायकी. एकाला उलटी झाली तर तिच्याभोवतीच फेऱ्या मारायला लावल्या. डोक्याला मार लागून एक पोरगा भेलकांडला तेव्हा कोचनी दोन बोटं दाखवून विचारलं, "किती?" तो म्हणाला, "चार." कोच म्हणाले, "जवळ आलास, जा खेळ!" सगळं सभागृह हसत होतं. कोचही हसत होते. आमच्या सौ. हसल्या नाहीत. मी हसलो, कारण हे हसू माझ्या ओळखीचं होतं.

मंडळी, आपल्या दहावीच्या बॅचच्या मेळाव्यात हेच चालतं की नाही? शाल, श्रीफळ, आणि मग "सरांच्या हातचा प्रसाद". कोणाला कोंबडा केलं, कोणाला अंगठे धरून उभं केलं, कोणाच्या पोटऱ्यांवर निरगुडीचा फोक तुटला. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "मार खाल्ला म्हणूनच घडलो." परवाच आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे कुणीतरी टाकलं आणि सोळा जणांनी अंगठे दाखवले. माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

सदतीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाने एक गुपित सांगितलं तर चालेल ना? दहावीचा निकाल शंभर टक्के लावायची एक जुनी युक्ती आहे. कच्ची मुलं नववीतच गाळायची. फॉर्मच भरू द्यायचा नाही. मग निकालाच्या फलकावर शंभर टक्के लिहायला मोकळे! "मार खाल्ला म्हणून घडलो" हा तसलाच निकाल आहे. जे घडले ते मेळाव्याला आले, माइक त्यांच्या हातात आला. जे मोडले ते येतच नाहीत. त्यांची गणतीच नाही, आणि मग आपण छडीला शंभर टक्के मार्क देतो.

टेक्सासमध्येच १९५४ साली जंक्शन नावाच्या गावी एका कॉलेजच्या संघाचं सराव शिबिर झालं. दुष्काळाचं वर्ष, भाजणारं ऊन, आणि सरावात पाणी नाही. दहा दिवसांत दोन तृतीयांश मुलं सोडून पळाली. एक उष्माघाताने मरता मरता वाचला. उरलेली पस्तीस-एक पोरं पुढे दंतकथा झाली, त्यांच्यावर पुस्तक निघालं, चित्रपट निघाला. पळालेल्यांवर कोण पुस्तक काढणार?

आता कुणी म्हणेल, "अहो, तो काळच तसा होता. कुणाला ठाऊक होतं?" ठाऊक होतं! वाळवंटात माणसाच्या शरीराला किती पाणी लागतं याचा अभ्यास दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यासाठी झाला होता, आणि त्याचं पुस्तक १९४७ साली छापलं गेलं. पाण्यावाचून राहायची सवय शरीराला लावता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. जंक्शनच्या सात वर्षं आधी. आणि आपलं काय? गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक यांनी मुलांना न मारता शिकवता येतं हे स्वातंत्र्याच्या आधीच करून दाखवलं होतं. बी.एड. करताना मी त्यावर उत्तर लिहिलं आहे. मार्कही चांगले पडले. आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शाळेच्या कुंपणावरून निरगुडीचा फोक तोडून घेतला. आमच्याच शाळेत गणिताच्या एक बाई होत्या, त्यांनी उभ्या नोकरीत मुलांवर हात उचलला नाही. त्यांचा निकाल माझ्यापेक्षा वाईट नव्हता. म्हणजे काळ त्यांचाही तोच होता.

"पण हेतू चांगला होता." हेही मान्य. २००८ साली केंटकी राज्यात लुइव्हिल शहरात पंधरा वर्षांचा एक मुलगा फुटबॉलच्या सरावात उन्हात पळता पळता कोसळला आणि तीन दिवसांनी गेला. कोचवर खटला चालला, पुढच्या वर्षी ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. कायद्याने जे पाहायचं ते पाहिलं, त्यावर मी बोलणारा कोण? पण मुलगा परत आला नाही, एवढं खरं. डोक्याच्या माराचंही तेच. वॉशिंग्टन राज्यात तेरा वर्षांचा एक पोरगा डोक्याला लागल्यावर पुन्हा मैदानात उतरला आणि कायमचा अधू झाला. त्यानंतर २००९ मध्ये तिथे कायदा झाला की असा मुलगा डॉक्टरी परवानगीशिवाय परत खेळणार नाही. २०१४ पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत असे कायदे आले. ज्या "किती बोटं"वर सभागृह हसलं, त्यासाठी पन्नास राज्यांना कायदे करावे लागले! आपल्याकडेही शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना मारायला बंदी केली, २००९ साली. मी तोवर निवृत्तीला आलो होतो. कायदा मला शिवला नाही, एवढंच माझं नशीब.

घरी परतताना गाडीत नातवाने विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे पण होती का तशी पॅडल?" मी म्हटलं, "फोक होता." तो म्हणाला, "ओके." आणि ट्रंपेटचा डबा मांडीवर घेऊन बाहेर बघत बसला. पुढे काही विचारलं नाही.

आता माझी गोष्ट. आमच्या १९८६ च्या बॅचने २०१९ साली मेळावा घेतला. माझा सत्कार केला, फोकाच्या गोष्टी सांगितल्या, मी हसलो. जेवताना मी एका मुलाची चौकशी केली. तो आठवीत माझ्या वर्गात होता. दर गुरुवारी प्रार्थना संपल्यावर यायचा आणि दर गुरुवारी मी त्याला फोक द्यायचो. हात पुढे करायचा, रडायचा नाही, त्यामुळे मला तो माजोरी वाटायचा. गुरुवारी आमच्या गावचा बाजार. त्याची आई भाजी विकायची. पहाटे मळ्यातून पाट्या वाहून तिला बाजारात जागा धरून देऊन मगच तो शाळेला यायचा. हे मला कळलं तेव्हा त्याने नववीत शाळा सोडली होती. दीड वर्षात मी एकदाही "का उशीर होतो रे?" असं विचारलं नव्हतं. इतिहासाचा मास्तर मी, मुलांना कारणे आणि परिणाम लिहायला लावायचो!

मेळाव्याची जुळवाजुळव करणारा विद्यार्थी आधी टाळाटाळ करत होता. मग म्हणाला, "सर, फोन केला होता त्याला. सर येणार असतील तर मी नाही येत म्हणाला." मी त्याचा नंबर मागून घेतला. सहा-सात वर्षं तो वहीत पडून होता.

टेक्सासहून परत आल्यावर चौथ्या दिवशी फोन लावला. त्याचं आता किराण्याचं दुकान आहे. नाव सांगितलं, तर तो "नमस्कार सर" म्हणाला आणि तब्येत विचारली. मी म्हटलं, "बाळ, गुरुवारचं मला कळलं होतं, फार उशिरा कळलं. माझं चुकलं." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, गिऱ्हाईक आलंय, नंतर करतो फोन." अजून आलेला नाही. येईलच असं नाही, आणि त्याने करायलाच हवा असंही काही नाही.

म्हणून मेळावे घेणाऱ्या सगळ्यांना, विशेषतः आपल्या घरातल्या माजी विद्यार्थ्यांना, माझं हात जोडून सांगणं आहे. मास्तरांचा सत्कार जरूर करा. त्यांनी भरलेली फी, दिलेली पुस्तकं, पोहोचवलेला डबा, हे सगळं स्टेजवरून सांगा. पण छडीच्या गोष्टींना टाळ्या देऊ नका. तुमच्या टाळ्यांनी मास्तर सुटतो, आणि घरी बसलेला तुमचा वर्गमित्र दुसऱ्यांदा मार खातो. मेळाव्याआधी हजेरीचा जुना कॅटलॉग काढा आणि जे येत नाहीत त्यांना एकेकाने भेटून या. गर्दी जमवायला नको, नुसतं विचारायला जा. आणि माइक मास्तरांच्या हाती दिलात तर त्यांना एक तरी चूक सांगू द्या. म्हातारपणी आम्हाला शालीपेक्षा त्याची गरज जास्त असते. शाली घरात सव्वीस आहेत.

मेहुण्यांना हे आवडणार नाही, मला ठाऊक आहे. त्यांनी फोन करावा, मी घरीच आहे. गमतीजमती पुढच्या वेळी नक्की.