इस्त्रीचा दिवा कोण विझवतो?

मुलांनो, घरात कुणी इस्त्री करत असताना एक गंमत पाहिली आहे का? इस्त्री चालू केली की तिच्यावरचा छोटा दिवा लागतो. थोड्या वेळाने ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो आणि दिवा विझतो. बटण तर कुणीच बंद केलेलं नसतं! जरा वेळ जातो, पुन्हा ‘टिक्’, पुन्हा दिवा. मग हा दिवा विझवतो तरी कोण?

तो विझवतो थर्मोस्टॅट. ‘थर्मो’ म्हणजे उष्णता आणि ‘स्टॅट’ म्हणजे स्थिर ठेवणारा. ब्रिटनमधल्या अँड्र्यू युअर या शास्त्रज्ञाने १८३० साली अशा साधनाचं पेटंट घेतलं होतं. साध्या इस्त्रीत दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकांना घट्ट जोडलेली पट्टी असते. तापल्यावर दोन्ही धातू प्रसरण पावतात, पण सारखे नाहीत. समजा, तुम्ही मित्राचा हात धरून चालला आहात. मित्र लांब ढांगा टाकतोय आणि तुम्ही छोटी पावलं. जोडी सरळ जाईल का? नाही, ती तुमच्या बाजूला वळेल. पट्टीही तशीच वाकते, जोड सुटतो आणि वीज थांबते. पट्टी निवली की पुन्हा सरळ होते आणि वीज सुरू!

असाच पहारेकरी गिझरमध्ये, फ्रिजमध्ये आणि एसीतही असतो. रचना निराळी, काम मात्र एकच. आपण सांगू तिथे यंत्र थांबवायचं आणि गरज पडली की परत चालू करायचं.

आता एक प्रश्न. मे महिन्यात तुम्ही उन्हातून घरी आलात. खोली लवकर गार व्हावी म्हणून एसी १८ वर लावायचा की २४ वर? वर्गात विचारलं की निम्मी मुलं तरी “१८!” असं ओरडतात. पण साधा एसी दोन्ही वेळा एकाच जोराने काम करतो. २४ अंशांपर्यंत यायला त्याला तेवढाच वेळ लागतो. फरक इतकाच, की १८ वर लावलेला एसी तिथे न थांबता पुढे धावत राहतो. लक्षात ठेवा, थर्मोस्टॅटचा आकडा वेग सांगत नाही, थांबायची जागा सांगतो.

आणि त्या जागी टिकून राहणंही फुकट नसतं, बरं का! वस्तू आणि तिच्या भोवतालचं तापमान यांत जितकं जास्त अंतर, तितकी उष्णतेची ये-जा जास्त. हा नियम न्यूटनने १७०१ साली मांडला. बाहेर ३८ अंश असताना खोली १८ वर ठेवली, तर अंतर २० अंशांचं. २४ वर ठेवली, तर १४ अंशांचं. म्हणजे बाहेरून आत घुसणारी उष्णता सुमारे तीन दशांशांनी कमी. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असं आपल्या देशाची ऊर्जा दक्षता ब्युरो ही संस्था सांगते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेले एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. सोबत पंखा लावला तर २६ अंशही छान वाटतात. करून पाहा.

“बाई, आमच्याकडे एसी नाही!” असं कुणी म्हणेलच. हरकत नाही, गिझर पाहू. न्हाणीघरात २० अंश आणि टाकीतलं पाणी ६० अंश, म्हणजे अंतर ४० चं. तेच पाणी ५० वर ठेवलं तर अंतर ३० चं. पाणी नुसतं साठवून ठेवण्यात वाया जाणारी उष्णता पाव हिश्शाने कमी झाली. शिवाय ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं, तो धोकाही टळतो. पण फार खालीही आणू नका. सतत कोमट राहिलेल्या पाण्यात जंतू वाढू शकतात. काही गिझरचा थर्मोस्टॅट झाकणाच्या आत असतो. त्याला मुलांनी मुळीच हात लावायचा नाही, ते काम इलेक्ट्रिशियनचं. तुमचं काम सोपं आहे. आंघोळी एकापाठोपाठ एक उरकायच्या आणि मग गिझर बंद करायची आठवण करून द्यायची.

फ्रिजमधल्या गोल बटणावरचे १ ते ५ किंवा ७ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत. बहुतेक फ्रिजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंड. उन्हाळ्यात वाढवलेला आकडा थंडीतही तसाच राहतो, खरं ना? मधल्या कप्प्यात पेलाभर पाणी ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात प्रयोगशाळेतला तापमापक बुडवा, तापाचा नव्हे. ४ अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. १ किंवा २ दाखवत असेल तर आकडा एकाने कमी करा. ५ च्या वर मात्र जाऊ देऊ नका. दूध नासलं तर बचत कसली?

आता थोडं गणित. हजार वॅटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट होतं. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर असतो, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त आणि ३०१ पासून पुढे आणखी जास्त. समजा, एखाद्या घरात महिन्याला ३३० युनिटं होतात आणि थर्मोस्टॅट नीट लावून ५० वाचली. तर कोणती वाचली? आधी वरची ३० गेली, म्हणजे सगळ्यात महागडी! वाचवलेलं युनिट नेहमी वरचंच असतं. म्हणून थोडी वीज वाचली तरी बिलात फरक जाणवतो. महिनाअखेरीला बिल हातात घेऊन आई-बाबा हिशेब करत बसतात, तेव्हा हा फरक त्यांना विचारा.

या आठवड्याचा उपक्रम असा. मोठ्या माणसांसोबत रोज सकाळी एकाच वेळी मीटरचा आकडा वहीत लिहा. तारांना हात लावायचा नाही. सात दिवस काहीच बदलू नका. पुढचे सात दिवस घरच्यांना विचारून थर्मोस्टॅट नीट लावा. मग दोन्ही आठवड्यांची वजाबाकी करा.

पालकांनाही एक विनंती. मुलाने वही पुढे केली तर “तुला काय कळतंय?” म्हणू नका. हिशेब एकत्र बसून तपासा आणि पुढच्या महिन्याचं बिल त्यालाच वाचू द्या.

तुमच्या बाई