पाटी आणि वही

दिवाळी आली की अलिबाग-मुरुडकडे घरांना रंग लागतो, पाट्या उजळतात, डॉक्टरांच्यासुद्धा. पण डॉक्टरांची खरी पाटी मुंबईला, वैद्यक परिषदेच्या वहीत! १९१२ च्या कायद्याने मुंबई प्रांतात ही वही सुरू झाली. गैरवर्तन सिद्ध झाले की तिच्यातून नाव कमी होते, काही काळापुरते किंवा कायमचे.

पण हुकूम निघूनही दवाखाना चालूच राहिला तर? २०१९ च्या कायद्यात नोंदणीवाचून व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. मात्र कायदा काही रोज दवाखान्याच्या दारात उभा राहत नाही. तिथे उभे असतो आपण, तापाने फणफणलेले पोर कडेवर घेऊन!

२००२ च्या नियमांप्रमाणे नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, औषधाच्या चिठ्ठीवर आणि पावतीवरही घालायचा असतो. तो वाचावा, परिषदेच्या यादीत पडताळून पाहावा. देवमाणसाला क्रमांक कसा विचारायचा, असा संकोच नको. सज्जन डॉक्टरांना राग येणार नाही. वही खरी राहण्यात त्यांचीच अब्रू आहे. आणि ज्यांना राग येईल, त्यांची पाटी दोनदा वाचावी!