शाळेत जाणारा कुत्रा: नुसता गरीब असून भागत नाही

"डॉक्टर, आमचा कुत्रा इतका गरीब आहे, त्याला शाळेतल्या मुलांसाठी नेलं तर?" हा प्रश्न हल्ली मला अधूनमधून विचारला जातो. कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाला ओळखीच्या मुख्याध्यापिकांनी सुचवलेलं असतं. मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नाही. पण या प्रश्नात लहान मुलं आहेत आणि कुत्र्याचे दातही आहेत, म्हणून आज यावर लिहितो.

ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कमधले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडे एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेआधीच आला, तेव्हा त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीत होता. मुलगा डॉक्टरांशी नव्हे, कुत्र्याशी रमला. त्यावर लेविन्सन यांनी १९६२ साली लेख लिहिला आणि पुढे हा विषय वाढत गेला. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत १९९९ पासून मुलांनी कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवायचा उपक्रम सुरू झाला. अडखळत वाचणाऱ्या मुलाला कुत्रा हसत नाही, चूक दाखवत नाही, एवढ्यावरच तो उभा आहे. याचा उपयोग होतो असं मलाही वाटतं. पण या विषयावरचे बरेचसे अभ्यास लहान आहेत, तेव्हा हा उपचार आहे असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. समुपदेशकाच्या कामाला ती एक मदत आहे, समुपदेशकाची जागा कुत्रा घेत नाही.

आता मुद्द्यावर येतो. घरच्यांवर जीव टाकणारा कुत्रा आणि शाळेत चालणारा कुत्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी त्याला चार माणसं ठाऊक असतात. शाळेत घंटा कर्कश वाजते, चाळीस मुलं एकदम ओरडतात, गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, कुणीतरी मागून येऊन गळ्यात पडतं. जो कुत्रा अनोळखी माणसाकडे आपणहून जातो, हात लावून घेतो आणि मोठ्या आवाजाने दचकला तरी मिनिटभरात सावरतो, त्याचाच विचार करा. दिवाळीच्या फटाक्यांत पलंगाखालून बाहेर न येणारा कुत्रा कितीही लाडका असला तरी त्याला घरीच राहू द्या. पिल्लूही नको. निदान एक वर्ष पूर्ण झालेलं असावं, मी तर दोन वर्षांचा होईपर्यंत थांबेन.

तयारी महिन्यांची असते, आठवड्यांची नाही. बस, थांब, सोड, पट्टा न ओढता चालणं, हे कुठलाही चांगला प्रशिक्षक शिकवतो. शाळेसाठी त्याच्या पुढचं लागतं. जमिनीवर पडलेलं खायचं नाही, हा त्यातला फार मोठा धडा. मुलांच्या डब्यातला शिरा कुत्र्याला प्रेमाने भरवला जातो आणि त्यात मनुका असतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण हे कुत्र्याला विषासारखे आहेत. मग सरावासाठी आधी सोसायटीतली दोन शांत मुलं बोलवा, मग चार. सुटीच्या दिवशी रिकाम्या शाळेत त्याला फिरवून आणा, जिना आणि फरशी ओळखीची होऊ द्या. वर्ग भरलेला असताना जाणं सगळ्यात शेवटी.

एक सवय मात्र अनेक घरांत दिसते आणि ती मला धोक्याची वाटते. कुत्रा गुरगुरला की त्याला दटावायचं. गुरगुरणं म्हणजे "मला आता पुरे झालं" असं सांगणं. ते मारून-ओरडून बंद केलं की कुत्रा सांगायचं थांबतो आणि सरळ चावतो. मग घरचे म्हणतात, "काही कारण नसताना चावला." कारण असतं, आपण ते ऐकायची सोय बंद केलेली असते. गुरगुरण्याच्याही आधी तो बरंच सांगतो: झोप आलेली नसताना जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, एकदम ताठ होणं. शेपटी हलते म्हणजे खूशच आहे, हेही दर वेळी खरं नाही. ही भाषा तुम्हाला वाचता येत नसेल तर तुमचा कुत्रा तयार असला तरी तुम्ही तयार नाही. म्हणून पट्टा कायम तुमच्याच हातात हवा. "बाईंकडे जरा धरायला देतो आणि फोन घेतो," असं अजिबात चालणार नाही.

आता माझ्या क्षेत्रातलं. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आणि मग पशुवैद्यांनी सांगितल्याप्रमाणे नियमित, आपल्याकडे साधारण दरवर्षी. लेप्टोस्पायरोसिसचीही लस हवी, कारण हे जंतू कुत्र्याच्या लघवीतून माणसाला लागू शकतात आणि आपल्याकडे पावसाळ्यात हा आजार दिसतोच. जंतांचं औषध वेळेवर, गोचिडी-पिसवांचा बंदोबस्त, नखं कापलेली. अंगावर केस गेलेला गोल चट्टा असेल तर गजकर्ण असू शकतं, तो बरा होईपर्यंत भेट रद्द. कच्चं मांस खाणारा कुत्रा मी मुलांमध्ये नेऊ देणार नाही, कारण त्याच्या तोंडातून आणि विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू पसरू शकतात. भेटीनंतर मुलांनी साबणाने हात धुवायचे, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. दमा किंवा कुत्र्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलं कोण, हे शाळेने पालकांना आधीच लेखी विचारावं. काही मुलांना कुत्र्याची भीती वाटते, काही घरांत कुत्र्याचा स्पर्श चालत नाही. त्या मुलांना दुसऱ्या वर्गात बसायची मोकळीक द्या, आणि त्यांची थट्टा होऊ देऊ नका.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ते. परदेशी पुस्तिकांमध्ये ही गोष्ट सहसा नसते, कारण तिथल्या मुलाला शाळेच्या फाटकाबाहेर सहसा भटका कुत्रा भेटत नाही. आपल्या मुलाला रोज भेटतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रेबीजचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांपैकी ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात. शाळेत लॅब्राडॉरला मिठी मारायला शिकलेलं सहा वर्षांचं मूल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ तसंच गेलं तर? म्हणून माझं म्हणणं असं आहे की कुत्रा शाळेत यायच्या आधी मुलांचा एक तास घ्या, आणि तो घेतल्याशिवाय कुत्रा आणूच नका. मिठी नाही, तोंडाजवळ तोंड नाही. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात नाही. मालकाला विचारल्याशिवाय कुठल्याच कुत्र्याला हात नाही, आणि मालक नसेल तर नाहीच. अंगावर आला तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. सगळ्यात महत्त्वाचं, चावलं किंवा ओरखडलं तर घरी लगेच सांगायचं. ओरडा बसेल म्हणून मुलं लपवतात, आणि रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

शाळेत आलेल्या, सगळ्या लसी झालेल्या कुत्र्याचा दात लागला तरी नियम तोच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटलं तरीही जायचं. मुख्याध्यापकांशी हे आधीच बोलून ठेवा. "आमचा नाही हो चावणार" असं म्हणून हा विषय टाळणाऱ्या मालकाला मी शाळेने नम्रपणे नकार द्यावा असं म्हणेन.

भेट सुरुवातीला वीस मिनिटांचीच ठेवा, उन्हाळ्यात सकाळी लवकर. एका वेळी दोन-तीन मुलं, कुत्र्याजवळ पाण्याचं भांडं आणि त्याची स्वतःची सतरंजी. सतरंजीवर गेला की त्याला कुणी हात लावायचा नाही, हे मुलांना सांगून ठेवा. घरी आल्यावर तो गाढ झोपेल, ते ठीक. पण पुढच्या आठवड्यात शाळेचा पट्टा काढल्यावर तो दाराशी न येता आतल्या खोलीत जाऊन बसला, तर त्या दिवशी नेऊ नका. दोन-तीनदा असं झालं तर शाळेला फोन करून काम थांबवतोय असं सांगा.