नासदीय सूक्ताला वेठीस धरू नका

आपल्या मंडळींच्या व्याख्यानांतून एक विधान हमखास ऐकू येते: महास्फोटातून विश्व उत्पन्न झाले हे पाश्चात्त्यांना विसाव्या शतकात कळले, आमच्या ऋषींनी ते नासदीय सूक्तात केव्हाच सांगून ठेवले होते. टाळ्या पडतात. यात विज्ञानाचा अपमान आहेच. मला अधिक खुपतो तो सूक्ताचा.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२९व्या सूक्ताच्या सात ऋचा ज्याने मुळातून वाचल्या आहेत, त्याला ठाऊक आहे की हे सूक्त उत्तर देतच नाही. देवही सृष्टीनंतरचे, एवढे म्हणून ते थांबत नाही; परमव्योमातील अध्यक्षालाही हे ठाऊक असेल वा नसेल, इथवर जाते. इतक्या निर्भय संशयाचे पाठ्यपुस्तकी उत्तर करून टाकणे याला वेदाभिमान म्हणावयाचे काय?

आणि उत्तर तरी कोणते? १९४८ साली हॉईल, बाँडी व गोल्ड यांनी स्थिरस्थिती सिद्धान्त मांडला. त्यात विश्वाला आरंभच नव्हता. १९६५ मध्ये पेंझियस व विल्सन यांचा शोध प्रसिद्ध झाला: निरपेक्ष शून्याहून जेमतेम तीन अंश उष्ण असे प्रारण आकाशाच्या सर्व दिशांनी येत होते. पारडे महास्फोटाकडे झुकले. ते उलट झुकले असते, तर हेच वक्ते त्याच ऋचांत अनादि विश्व दाखवून देते!

२०२५ साली दिवंगत झालेल्या जयंत नारळीकरांनी महास्फोटाला आयुष्यभर विरोध केला. १९९३ मध्ये हॉईल व बर्बिज यांच्यासह त्यांनी पर्यायही मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. पण वाद झाला तो गणिताने आणि निरीक्षणांनी.

मोजण्याची ही परंपरा आपल्या गावालाही परकी नाही. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्थापलेल्या, पुढे बेगमपेठेत आलेल्या निजामिया वेधशाळेने आंतरराष्ट्रीय नक्षत्रसूचीसाठी दक्षिण आकाशातील १७ ते २३ अंशांचा पट्टा पत्करला आणि काचेच्या छायापट्ट्यांवरून लाखो ताऱ्यांची स्थाने मोजली. १६ फेब्रुवारी १९८०च्या खग्रास ग्रहणात जपाल-रंगापूरला दुर्बिणी सज्ज होत्या, तेव्हा शहरातले रस्ते मात्र ओस होते. दारे लावून बसलेल्यांत वेदाभिमानी काही थोडे नसावेत.

आज विश्वाच्या प्रसरणाचा वेग दोन पद्धतींनी मोजला असता दोन आकडे येतात: दर मेगापार्सेकला सेकंदास सुमारे ६७ किलोमीटर आणि सुमारे ७३. वाद मिटलेला नाही. यांपैकी कोणता आकडा सूक्तात आहे, ते वक्त्यांनी आताच सांगावे. निकाल लागल्यावर नव्हे.