संकल्पांचे ओझे

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की शाळेत संकल्पांचे पीक येते. पंचावन्न गुण मिळालेला विद्यार्थी पुढील वर्षी पंचाण्णव मिळविण्याचा निश्चय करतो, पहाटे चारला उठण्याचे वेळापत्रक सुबक अक्षरांत लिहून भिंतीवर डकवितो आणि तिसऱ्या दिवशी गजर बंद करून पुन्हा झोपी जातो. यात हसण्यासारखे काही नाही. नेम मोडल्याचे शल्य तो पुढे कित्येक दिवस बाळगतो. पुस्तक उघडताच धड्याआधी स्वतःचा नाकर्तेपणा त्याला दिसू लागतो, आणि अभ्यासाचा वेळ स्वतःस दूषणे देण्यात जातो. आळसामुळे मागे पडणारे विद्यार्थी आहेतच. परंतु माझ्या मते, अशा अवाजवी संकल्पांनी खचलेलेही काही थोडे नाहीत.

महत्त्वाकांक्षा वाईट, असे मला म्हणावयाचे नाही. जे आपल्या हाती नाही त्याचीच हमी स्वतःकडून लिहून घेणे, हा खरा दोष. पहिला क्रमांक केवळ आपल्या श्रमांवर ठरत नाही; प्रश्नपत्रिका, प्रकृती आणि शेजारच्या बाकावरील मुलाची तयारी यांचाही त्यात वाटा असतो.

क्रिकेटचेच उदाहरण घेऊ, कारण बडोद्यात ते कोणासही समजावून सांगावे लागत नाही. सांगलीस जन्मलेले आणि बडोद्याच्या संघाकडून खेळलेले विजय हजारे यांनी १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके काढली, ११६ आणि १४५. भारत तो सामना एक डाव व १६ धावांनी हरला. पुढे १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. त्यांच्या स्वतःच्या धावा मात्र २० होत्या. तो विजय मुख्यतः विनू मंकड यांच्या १२ बळींनी आणि पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांच्या शतकांनी साकारला. समोर येणारा चेंडू नीट पाहून खेळणे एवढेच फलंदाजाच्या हाती असते. (साक्षात ब्रॅडमन यांचीही कसोटीतील सरासरी शंभर नव्हे, ९९.९४ आहे!)

म्हणून नेम करण्यापूर्वी आठवडाभर आपण प्रत्यक्षात किती वेळ एकाग्रतेने बसतो, ते वहीत टिपावे. दीड तास निघाला, तर पुढील पंधरवड्यास पावणेदोन तासांचा नेम करावा, पाच तासांचा नव्हे. ‘बीजगणितात पहिला येईन’ याऐवजी ‘रोज पाच उदाहरणे सोडवीन आणि चुकलेली पुन्हा करीन’ असे ठरवावे. एखादा दिवस बुडाला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याच्या भरीस पडू नये. बुडाला तो बुडाला. आणि या काळजीने ज्याची झोप वा भूकच उडाली असेल, त्याने ते मनात न ठेवता आईवडिलांस किंवा वर्गशिक्षकांस सांगावे. त्यात कमीपणा कसला?

वडीलधाऱ्यांकडेही थोडा दोष जातो. गुणवंतांची छायाचित्रे वार्षिकांत छापली जातात, ती अवश्य छापावीत. परंतु ४२ वरून ५८ वर आलेल्या मुलाची नोंद कोठेच होत नाही. मग तोही आपल्या सोळा गुणांच्या वाढीकडे अपयश म्हणूनच पाहतो. ज्यांचे गुण गतवर्षीपेक्षा सर्वाधिक वाढले, त्यांच्यासाठी संपादक मंडळाने पुढील अंकात एक पान राखून ठेवावे, अशी माझी सूचना आहे. छायाचित्रे नसली तरी चालतील.