मेरिटचं मढं

वस्तीतलं पोरगं मेडिकलला लागलं की चौकात बॅनर लागतो. वर बुद्ध, बाबासाहेब. मधे कॉलर आवळलेला पोराचा फोटो. खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस थोबाडं, त्यातली सहा नगरसेवक व्हायला निघालेली. नावाआधी 'डॉ.' लावूनच टाकलेलं. कॉलेज सुरू व्हायला अजून पंधरा दिवस असतात! मग बॅनर फाटतो, कुणीतरी तो उतरवून गळक्या पत्र्यावर टाकतं. तोवर पोरगं पहिल्या वर्षात अडकलेलं असतं. त्याचं पुढं काय झालं हे विचारायला चाळिसांतला एकही जात न्हाय. माझं भांडण आधी या चाळिसांशी आहे, कॉलेजशी नंतर.

पोरगं जातं तेव्हा डोक्यात काय घेऊन जातं? एक म्हंजे, पांढरा कोट अंगावर चढला की माणूस डॉक्टर होतो. दुसरं म्हंजे, परीक्षा दिली, नंबर लागला, आता लायकीचा सवाल मिटला. आणि तिसरं कुणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या पोटात असतं. कॉलेजच्या गेटवर जात चपलीसारखी काढून ठेवता येते. शिकलेल्यांत कुठं राहिलंय आता जातबीत! माणसाचं शरीर उघडून बघणारी ही माणसं, आत सगळ्यांचं सारखंच असतं हे यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

पहिल्या तीन महिन्यांत हे तिन्ही मातीत जातं.

पहिल्याचं फार सांगत नाही. पहिल्या वर्षी पेशंट जवळपास नसतोच. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात सुरवातीलाच थोडा वॉर्ड दाखवतात, पण वर्ष खातात ते हे तीन विषयच. इकडं आय शेजारणीचा शुगरचा रिपोर्ट पिशवीत जपून ठेवते. आमचा डॉक्टर आला की दाखवू. पोरगं सुट्टीला येतं, रिपोर्ट हातात धरतं, आणि त्याला काही कळत नाही. कळणारही नाही, अजून ते शिकवलेलंच नाही. पण हे आयला कसं सांगायचं? बाहेरच्याला ही गोष्ट बारकी वाटेल. वाटू दे. हॉस्टेलवर चादर तोंडावर घेऊन रडणारी पोरं यावरनंसुद्धा रडतात.

दुसरी गोष्ट लायकीची. नीट ७२० मार्कांची. ती देऊन आत आलं की पहिल्याच दिवशी कँटीनमधे प्रश्न येतो, 'एआयआर किती?' ऐकायला किती सभ्य! गावात विचारायचे, कुठल्या आळीचा रे तू? हा त्याचाच इस्त्री केलेला अवतार. रँक सांगितली की समोरच्याच्या डोळ्यांत गणित सुरू होतं, आणि उत्तराला तुमची जात येते. आपलं पोरगं ओपनच्या जागेवर बसलं असलं तरी आडनाव ऐकून 'कॅटेगरीतनं ना?' हे ठरलेलं. म्हंजे मार्क कमी पडले म्हणून हिणवतात हेही खरं नाही. मार्क जास्त पडले तरी हिणवणार, फक्त आश्चर्य वाटल्याचं सोंग करून.

हे मेरिटवाले कोण, तेही बघू. २००६ साली केंद्रीय संस्थांतल्या ओबीसी आरक्षणाविरुद्ध मेडिकलची पोरं रस्त्यावर आली. रस्ते झाडले, बूट पॉलिश केले. सांगायचं काय होतं? आरक्षण आलं तर आमच्यावर ही वेळ येईल. ज्यांच्या बापजाद्यांनी जन्मभर हेच केलं त्यांना काय वाटलं असेल, हा सवाल त्यांना शिवलासुद्धा नाही. त्यांच्या लेखी ती कामं म्हंजे शिवी. आणि २०२३ च्या सप्टेंबरात पीजीच्या जागा रिकाम्या राहतात म्हणून नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली, सगळ्या प्रवर्गांसाठी. शून्य! तेव्हा झाडू घेऊन कुणी रस्त्यावर आलेलं मला दिसलं नाही. खाजगी कॉलेजात एनआरआय कोट्यातनं पैशाच्या थप्पीवर चढून आत गेलेल्या पोराला कुणी रँक विचारत नाही. त्याला विचारतात, गाडी कुठली? मेरिटचं मढं हे असं आहे. आपल्या दारात आणून टाकायचं आणि आपणच रडायचं.

आता अभ्यास. चौरसिया आणि गायटनचे ठोकळे समोर येतात. लोकांना वाटतं आपली पोरं त्या जडजंबाल लॅटिन नावांना भितात. चूक. 'स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड' सगळ्यांनाच नवं असतं, सर्जनच्या पोरालाही ते घोकावंच लागतं. आपलं पोरगं अडतं ते दोन नावांमधल्या साध्या इंग्रजीत. 'रिस्पेक्टिव्हली', 'व्हेअरॲज', 'बाय व्हर्च्यू ऑफ'. जिल्हा परिषदेच्या शाळेनं हे कधी दिलंच नाही, आणि क्लासवाल्यांनी प्रश्नाला गोळा काळा करायला शिकवलं, पान वाचायला नाही. उत्तराची शिरही माहीत, धमनीही माहीत, पण व्हायवात तोंडातनं वाक्य निघत नाही. समोरचा लिहितो, 'पुअर'. डॉक्टरच्या पोरानं मात्र हे शब्द जेवताना ऐकलेले असतात. ते त्याचं कर्तृत्व नाही, त्याच्या घरचं ताट आहे. पहिलं वर्ष ज्याला हुशारी म्हणून मार्क देतं त्यातली निम्मी ही अशी वारशानं आलेली ओळख असते.

यावर उपाय म्हणून मातृभाषेतली एमबीबीएस दाखवली जाते. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मधे पहिल्या वर्षाच्या या तीन विषयांची हिंदी पुस्तकं वाजतगाजत काढली. आपल्याकडच्याही काहींच्या तोंडाला पाणी सुटलं. मला त्यात खोट दिसते. मराठीतनं समजावून सांगा, दहादा सांगा, हरकत नाही. पण यांची पोरं इंग्रजीतनं शिकून पुढच्या परीक्षा मारणार आणि आमच्या हातात मराठी शिक्क्याचं दुय्यम सर्टिफिकेट? इंग्रजी आम्हाला पाहिजे. ती शिकवायची जबाबदारी टाळू नका.

आणि मग डिसेक्शन हॉल. याबद्दल मी सावकाश लिहिणार आहे.

फॉर्मलिननं डोळे झोंबतात, वास जेवणात येतो, हे कुणीही सांगेल. टेबलावर कोण झोपलंय, हे कोण सांगतो? हल्ली देहदान करणारे वाढलेत, चांगली गोष्ट आहे. पण या राज्यात १९४९ चा ॲनाटॉमी कायदा आहे, आणि त्यानं बेवारस प्रेतं मेडिकल कॉलेजांना देता येतात. बेवारस कोण मरतं? बंगल्यात मरतो काय कुणी बेवारस? फुटपाथवर, फलाटावर, सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात जो मरतो आणि ज्याच्या माणसांना कळायच्या आत मुदत संपते, तो बेवारस. जिवंतपणी ज्याला खाट मिळाली नाही त्याला मेल्यावर संगमरवरी टेबल मिळतं. बऱ्याच कॉलेजांत आता पहिल्या दिवशी शपथ घेतात, हा देह आमचा पहिला गुरू म्हणून. फुलंबिलं वाहतात. वाहा. पण सवर्ण घरातलं पोरगं ज्या नजरेनं तो देह बघतं त्या नजरेनं आपलं पोरगं बघू शकत नाही. त्याला त्या काळ्या, हाडकुळ्या, भेगाळलेल्या टाचांत चुलता दिसतो. आणि हे बाजूच्या टेबलाला सांगायची सोय नसते.

आणखी एक बघा. कलकत्त्याला १८३६ साली मधुसूदन गुप्तांनी प्रेत चिरलं तेव्हा फोर्ट विल्यममधनं तोफा उडवल्या म्हणून सांगतात. का? तर उच्चवर्णीयानं मढ्याला हात लावला! धर्म मोडला, केवढं धाडस! मढी तर त्याआधी हजारो वर्षं कोण ना कोण उचलतच होतं. बंगालात डोम उचलत होते, आपल्याकडं मेलेली ढोरं महार ओढत होते. त्यांच्यासाठी तोफ सोडा, पाण्याचा घोटसुद्धा नव्हता. आणि महाडनंतर महारांनी ढोरं ओढणं सोडलं तर गावांनी बहिष्कार टाकले. म्हंजे मढ्याला हात लावला म्हणून एक अस्पृश्य झाला, आणि त्याच हातात स्काल्पेल आलं की दुसरा डॉक्टर झाला. घाण मढ्यात नव्हतीच कधी.

ती वाटणी आजही मोडलेली नाही. टाकीतनं बॉडी काढून टेबलावर ठेवतो तो हॉलमधला मामा कोण असतो? सरकारी शवागारात प्रत्यक्ष कवटी फोडतो तो कामगार कोण, आणि चार हात लांब उभा राहून रिपोर्ट लिहितो तो कोण? पोरं त्याला मामा म्हणतात, नाव कुणाला ठाऊक नसतं. तीस-तीस वर्षं बॉड्या हाताळून कुठली नस कुठं ते या मामांना पाठ असतं. आपल्या पोरांनी त्या मामाजवळ बसावं. तिथं 'रँक किती' विचारत नाहीत.

आता मार्कांचं. फिजिऑलॉजी म्हंजे पहिल्या वर्षाचाच विषय. दिल्लीच्या वर्धमान महावीर मेडिकल कॉलेजात राखीव जागांवरची पोरं याच विषयात वर्षानुवर्षं नापास होत राहिली. पोरं बोलली, लढली, प्रकरण अनुसूचित जाती आयोगाकडं गेलं. डॉ. भालचंद्र मुणगेकरांनी चौकशी केली आणि २०१२ मधे अहवालात जातीय भेदभाव झाल्याचं नोंदवलं. त्याआधी २००७ मधे डॉ. सुखदेव थोरातांच्या समितीनं दिल्लीच्या एम्सबद्दल तेच सांगितलं होतं. तिथं आपली पोरं छळाला कंटाळून हॉस्टेलच्या ठरावीक मजल्यांवर गोळा झाली होती. मजल्यांवर! याला महारवाडा म्हणायचं नाही तर काय, लिफ्ट असलेला महारवाडा? दोन्ही अहवाल कागदावर आहेत. 'आमच्याकडं असं काही नसतं' म्हणणाऱ्या डीनच्या टेबलावर ते आपटायला कोण जातं?

आपली पोरं बहुतेक वेळा काय करतात? गप्प बसतात. इंटर्नल मार्क त्यांच्या हातात असतात, म्हणून गप्प. वर्ष जाईल म्हणून गप्प. मोबाईलवरचा बाबासाहेबांचा फोटो बदलतात. घरनं फोन आला तर 'जय भीम' हळू आवाजात. हे गप्प बसणं पहिल्या वर्षात शिकवलं जातं, आणि पुढं पीजीपर्यंत पुरतं. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी घरातली, एमबीबीएस पार करून एमडी करणारी. तिच्या आईनं सीनियर्सच्या छळाबद्दल आवाज उठवला होता, पण गुन्हा नोंदला गेला तो पोरगी गेल्यावर. राज्यात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा आहे. वीस वर्षं झाली होती त्याला.

म्हणून चाळिसांनो, तुम्हाला सांगतोय. बॅनरच्या पैशात बोन सेट येतो, निदान अर्धा तरी. सीनियरकडनं घ्या, आणि घेतलेला पुढच्या पोराला द्या. ॲडमिशन आणि कॉलेज यांच्या मधे जे दिवस मिळतात त्यात पोराला चौरसियाची वीस पानं मोठ्यानं वाचायला लावा, समोर कुणी बसलं पाहिजे. स्कॉलरशिप वर्ष सरता सरता येते, तोवर मेसचं बिल थांबत नाही. तेव्हा महिन्याला पन्नास रुपये देणारी पन्नास माणसं वस्तीतनं उभी करा. जमतं, भंडारा आणि डीजेला जमतंच की. आयबापाला सांगा, पोरगं अजून डॉक्टर नाही, रिपोर्ट दाखवू नका. आणि हेही सांगा, की पहिलं वर्ष पार करायला नियमानं चार संधी असतात. नापास झालेलं पोरगं घरी तोंड दाखवायला घाबरतं, त्याला स्टँडवर घ्यायला जा.

कॉलेजांकडं मागायचं ते वेगळं. व्हायवाला दोन परीक्षक, मार्क त्याच दिवशी भिंतीवर. इंटर्नल मार्कांच्या याद्या प्रवर्गासह दरवर्षी उघड, म्हंजे कुठल्या विषयात, कुणाच्या हाताखाली, कोण पडतंय ते दिसेल. तक्रार कमिटीवर कॉलेजबाहेरची माणसं, आपली माणसं. आणि प्रत्येक मेडिकल कॉलेजच्या गावात आपल्या शाखेनं दोन पोरं नेमावीत. त्यांनी महिन्यातनं एकदा हॉस्टेलवर जायचं, पहिल्या वर्षाच्या खोलीत बसायचं, चहा प्यायचा, आणि 'जय भीम' मोठ्यानं म्हणायचा, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.