पुन्हा परीक्षेस बसावें काय?

दर वर्षीं नाताळच्या सुमारास आमच्या शाळेच्या फाटकांतून कांहीं ओळखीचे चेहरे आंत येतात. हीं आमचींच मुलें. दोन वर्षांपूर्वीं येथील बाकांवरून उठून कनिष्ठ महाविद्यालयांत गेलेलीं. कोणी पेढे घेऊन येतो, कोणी रिकाम्या हातानें येतो. रिकाम्या हातानें येणारा प्रथम क्रीडांगणाच्या कडेला घुटमळतो, शिपायांची विचारपूस करतो, ग्रंथालयांत डोकावतो, आणि सरतेशेवटीं शिक्षकांच्या खोलीच्या दारांत उभा राहून विचारतो, "सर, पुन्हा बसूं का?"

प्रश्न अवघ्या तीन शब्दांचा आहे. परंतु त्या तीन शब्दांमागें तारुण्याचें एक वर्ष, वडिलांची शिल्लक आणि एका कोवळ्या मनाचा स्वाभिमान उभा असतो. अलीकडे हा प्रश्न कायद्याच्या प्रवेशपरीक्षेसंबंधानें वारंवार विचारला जाऊं लागला आहे. त्यास दारांतल्या दारांत उत्तर देणें सोपें असतें. तें योग्य असतेंच असें नाहीं, हें आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलों आहों. म्हणून या विषयीं आमचें मत विद्यार्थी व पालक या दोघांपुढेंही मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम ही परीक्षा म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. बारावीनंतर पांच वर्षांत पदवी व कायदा यांचें शिक्षण एकत्र देणाऱ्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांपैकीं बेंगळुरूच्या संस्थेचा पहिला वर्ग १९८८ सालीं भरला. पुढें त्याच धर्तीवर निरनिराळ्या राज्यांत अशीं विद्यापीठें निघालीं. पूर्वीं प्रत्येकाची परीक्षा निराळी असे. २००८ सालीं सात विद्यापीठांची मिळून एक सामाईक परीक्षा सुरू झाली. तीच कॉमन लॉ ॲडमिशन टेस्ट, मुलांच्या तोंडीं 'क्लॅट'. आज वीसांहून अधिक विद्यापीठांचे प्रवेश तिच्यावर होतात, आणि आपल्या महाराष्ट्रांतील मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठें त्यांत आहेत. परीक्षेस बसणारे पन्नास हजारांच्या वर, आणि जागा कांहीं हजार! हा एवढा हिशेब प्रत्येक घरानें भिंतीवर लिहून ठेवावा. जेथें बहुतेकांस जागा मिळणें शक्यच नाहीं, तेथें ती न मिळाल्याबद्दल लाज कसली?

आतां पेपराकडे वळूं. दोन तासांत एकशें वीस प्रश्न. बरोबर उत्तरास एक गुण, आणि चुकलेल्या उत्तरास पाव गुण वजा. विषय म्हणावे तर इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि थोडें गणित. २०२० सालापासून प्रश्न लांब उताऱ्यांवर बेतलेले असतात, आणि कायद्याचें पूर्वज्ञान त्यास लागत नाहीं. म्हणजे ही परीक्षा मुख्यतः वाचनाची आहे. भराभर वाचणें, अर्थ नेमका धरणें, आणि ठाऊक नसेल तेथें हात आवरणें, हीं तिचीं तीन अंगें होत. यावरून पुन्हा बसूं पाहणाऱ्यानें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. वाचनाची शक्ति एका वर्षांत खरोखर वाढूं शकते. तेथें दुसरें वर्ष कामीं येतें. उलट चालू घडामोडी दर वर्षीं बदलतात. गेल्या वर्षींच्या वह्या या वर्षीं शिळ्या होतात, आणि हा भाग पेपराचा जवळजवळ चौथा हिस्सा असतो. तेव्हां 'निम्मी तयारी तर झालीच आहे,' हा समज निव्वळ भ्रम आहे.

शिवाय दैवाचाही भाग अशा परीक्षेंत असतोच. डिसेंबर २०२४ मध्यें झालेल्या परीक्षेच्या कांहीं उत्तरांविषयींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मे २०२५ मध्यें त्या न्यायालयाच्या आदेशानंतर निकाल नव्यानें लावावा लागला. जेथें एकेका गुणानें मुलगा बराच मागें किंवा पुढें जातो, तेथील क्रमांक म्हणजे त्याच्या बुद्धीवर मारलेला शिक्का नव्हे.

आतां आमची चूक सांगतों. आमच्या सभागृहांत नांवाजलेल्या माजी विद्यार्थ्यांचा एक फळा आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एक बुद्धिमान मुलगा असाच दारांत उभा राहिला. क्रमांक हुकला होता. परंतु पुण्यांतील एका चांगल्या विधि महाविद्यालयांत त्यास जागा मिळण्यासारखी होती. आम्हीं क्षणाचाही विचार न करतां म्हटलें, "बैस पुन्हा. तुझें नांव त्या फळ्यावर लागलें पाहिजे." मुलानें मान डोलावली, व पुढें पुण्याची जागा चालून आली असतां ती सोडली. तें वर्ष तो घरीं बसला. सोबती निरनिराळ्या गांवीं गेले. याची सकाळ आणि दुपार मात्र माळ्यावरच्या खोलींत, एका घड्याळासमोर. वडिलांनीं शिकवणीच्या फीसाठीं पतपेढीचें कर्ज काढलें होतें, हें आम्हांस फार उशिरां समजलें. दुसऱ्या खेपेस त्याचा क्रमांक पुढें सरकला, परंतु जागा मिळेल इतका नव्हे. मग तो भेटावयास आला. रागावला नव्हता. एवढेंच म्हणाला, "सर, मला वकील व्हायचें होतें. फळ्यावर नांव तुम्हांला पाहिजे होतें."

त्या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं. पुढें तो पुण्यासच शिकला, आतां न्यायालयांत उभा राहतो, आणि आम्हांस भेटला म्हणजे मोकळेपणानें हंसतो. हा त्याचा मोठेपणा झाला; त्यानें आमची चूक लहान होत नाहीं.

त्यानंतर दोन वर्षांनीं एक मुलगी आली. तिनें प्रश्न विचारलाच नाहीं. एक वही पुढें ठेवली. तींत तिनें आपल्या पेपराचा ताळेबंद मांडला होता. अठरा उत्तरें केवळ अंदाजानें दिलेलीं. त्यांपैकीं चार बरोबर, चौदा चूक. मिळाले चार, गेले साडेतीन. म्हणजे अठरा प्रश्नांच्या धडपडीची कमाई अर्धा गुण, आणि वेळ गेला तो निराळाच. शेवटचे दोन उतारे वाचून झालेच नव्हते. गणितास दहावीनंतर हात लावला नव्हता. घरीं आईचें दुखणें असल्यामुळें तयारीस आरंभच परीक्षेपूर्वीं तीन महिने झालेला. "एवढें मला सुधारतां येईल," ती म्हणाली, "पण वर्ष रिकामें घालवणार नाहीं." तिनें बारावीनंतर राज्याच्या प्रवेशपरीक्षेवरून जवळच्याच महाविद्यालयांत कायद्याच्या पहिल्या वर्षास नांव घातलें, आणि तेथील अभ्यास सांभाळून डिसेंबरांत पुन्हा बसली. तिला जागा मिळाली. जुनें वर्ष सोडून नव्या ठिकाणीं पहिल्यापासून आरंभ करावा लागला, हें खरें. तें तिनें समजून-उमजून केलें. परंतु जागा मिळाली नसती तरी ती दुसऱ्या वर्षांत गेली असती, तिचें कांहींच बुडालें नसतें. आमच्या मतें मुख्य मुद्दा हाच आहे.

या दोघांवरून आमचा निर्णय झाला तो असा: पुन्हा अवश्य बसावें, परंतु तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहितां आल्यावांचून बसूं नये. पहिला प्रश्न, गेल्या खेपेस गुण नेमके कोठें गेले? दुसरा, या खेपेस निराळें काय करणार? 'अधिक मेहनत करीन' हें त्याचें उत्तर नव्हे. तो केवळ मनाचा विरंगुळा आहे. तिसरा, आणि सर्वांत कठीण: पुन्हाही जागा न मिळाली, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय करणार? ज्याच्यापाशीं या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आहे, तोच परीक्षेस निर्भयपणें बसूं शकतो.

यावर कोणी म्हणेल कीं, दोन दगडांवर पाय ठेवणारा पाण्यांत पडतो. पुन्हा बसावयाचें तर वर्ष पूर्णपणें त्यासच द्यावें. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. ज्यास पहिल्या खेपेस जागा अगदीं थोडक्यांत हुकली, ज्याच्या घरीं पैशाची ओढ नाहीं, आणि ज्याचें मन एकांतांत खचत नाहीं, त्यानें वर्ष खुशाल द्यावें. पण हे तिन्ही योग एकत्र क्वचितच येतात. आणि हे दगड खरोखर दोन आहेत काय? कायद्याच्या पहिल्या वर्षांत मुलगा खटल्यांचे निकाल वाचतो, एखादा नियम दिलेल्या घटनेस कसा लागू पडतो तें शिकतो. परीक्षेस लागतें तें याहून फारसें निराळें नाहीं. रिकाम्या खोलींत बारा तास बसण्यापेक्षां वर्गांत पांच तास व घरीं तीन तास वाचणारा अधिक शिकतो, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, न्यायालयाकडे जाणारी वाट ही एकच नाहीं. मुंबईचें शासकीय विधि महाविद्यालय १८५५ सालापासून आणि पुण्याचें आय. एल. एस. विधि महाविद्यालय १९२४ सालापासून वकील घडवीत आलेलें आहे. राज्याच्या प्रवेशपरीक्षेंत चुकलेल्या उत्तराचे गुण वजा होत नाहींत. ज्यास अठराव्या वर्षीं आपलें मनच नीटसें कळलेलें नाहीं, त्यानें आधीं कोणतीही पदवी घ्यावी. त्यानंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम त्यास मोकळा आहे. कायद्याच्या पदवीनंतर एल्‌एल्. एम्. साठीं याच राष्ट्रीय विद्यापीठांत प्रवेशपरीक्षेनें पुन्हा जातां येतें. क्लॅटला वयाची वरची मर्यादा आज नाहीं. आणि वकिली करण्यासाठीं जी अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते, ती सर्वांस एकच. तेथें कोण कोठून आला हें कोणी विचारीत नाहीं.

आपल्याच भागांतील एक उदाहरण येथें आठवतें. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ सालीं नाशिक येथें झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या, आणि १८९२ मध्यें त्यांनीं तेथील कायद्याची परीक्षा दिली. परंतु त्या काळीं तेथें स्त्रियांना पदवीच दिली जात नसे. त्या स्वदेशीं परतल्या, १८९७ मध्यें मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्. बी. उत्तीर्ण झाल्या, १८९९ मध्यें अलाहाबादेची वकिलीची परीक्षाही उत्तीर्ण झाल्या. तरी न्यायालयाचें दार बंदच! स्त्रियांस वकिलीचा हक्क देणारा कायदा १९२३ सालीं झाला. मधल्या काळांत त्या हात जोडून बसल्या नाहींत. पडद्यांतील स्त्रियांच्या मालमत्तेच्या रक्षणाचें काम त्यांनीं वर्षानुवर्षें केलें. त्यांनीं परीक्षा पुन्हा पुन्हा दिल्या, हें आमचीं मुलें चटकन पाहतात. परीक्षांच्या मधल्या वर्षांत त्यांनीं काम सोडलें नाहीं, हें मात्र सहसा कोणी पाहत नाहीं.

पालकांस दोन शब्द. राष्ट्रीय विधि विद्यापीठाचा वर्षाचा खर्च लाखांच्या घरांत जातो. तेव्हां जागा मिळाली तरी पुढचीं पांच वर्षें निभावतील काय, याचा हिशेब मुलास बरोबर बसवून करावा. तो त्याच्यापासून लपवूं नये. शेजारच्या मुलाचा क्रमांक जेवतांना काढूं नये. आणि निकालानंतरचे पहिले पंधरा दिवस 'आतां पुढें काय?' हें विचारूंच नये. समोर बारावीची परीक्षा उभी असते. ती आधीं नीट पार पडूं द्यावी. पुन्हा बसण्याचा निर्णय त्यानंतर शांतपणें घेण्यास पुरेसा अवधि असतो.

राहतां राहिले आम्ही, शिक्षक. मुलाचें यश आमच्या फळ्याकरितां नसतें, हें आम्हांस एका विद्यार्थ्यानें शिकविलें. तेव्हांपासून दारांत उभा राहून कोणी "पुन्हा बसूं का?" असें विचारलें, कीं आम्ही होय किंवा नाहीं म्हणत नाहीं. खुर्ची पुढें सरकवितों, कोरा कागद देतों, आणि म्हणतों, "बाळ, आधीं येथें बैस. काय काय चुकलें तें दोघे मिळून लिहूं." कागद लिहून झाला म्हणजे बहुतेक वेळां उत्तर मुलास आपोआपच सांपडलेलें असतें. कधीं तें 'बसतों' असें असतें, कधीं 'नको' असें. दोन्ही उत्तरें घेऊन जाणारीं मुलें फाटकाबाहेर पडतांना मान वर करून चालतात, आणि आम्हांस तेवढें पुरे आहे.